सेक्रेटरींची खुर्ची आणि टाकीची उशी

मान्यवर अध्यक्ष, व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेले पाहुणे, सोसायटीतल्या लेकीसुना, जावई आणि मागे चहाजवळ उभे राहिलेले सगळे, तुम्हाला माझा नमस्कार. माझं शिक्षण बेताचं, त्यामुळे कागद हातात असला तरी मी त्याच्याकडे फारसं बघणार नाही.

आज आमचे हे सेक्रेटरीपदावरून निवृत्त होतायत. चांगलं बोल, असं लेकाने बजावलंय. चांगलंच बोलते. यांच्या काळात जिन्यातला दिवा कधी बंद पडला का? नाही. पण गच्ची बंद पडली.

नवीन माणसांसाठी सांगते. आपल्याकडे नियम करणार सभा, ते अमलात आणणार सेक्रेटरी, आणि सेक्रेटरी चुकले तर जाब विचारणार तक्रार समिती. असं का? अहो, मीच रांधायचं, मीच चाखायचं आणि मीच वा वा म्हणायचं, तर जेवणाऱ्याने काय करायचं?

तर यांनी सभेला न विचारता गच्चीला कुलूप लावलं. कारण काय, तर सुरक्षा. तिसऱ्या मजल्यावरची रंगारीणबाई तिथे कापड वाळवते, त्यावरच तिचं घर चालतं. ओलं कापड घेऊन ती बिचारी जिन्यात उभी. तिने तक्रार केली. समितीवर कोण? आमची सूनबाई. झालं, लोक म्हणाले, घरातलंच प्रकरण, घरातच मिटणार.

सूनबाईने सासऱ्यांना बोलावणं धाडलं. आपल्या समितीची एक रीत आहे. जाब देणाऱ्याने आखूड पायाच्या खुर्चीवर बसायचं. ती अशी डुगडुगते की माणूस ऐटीत बसूच शकत नाही. हे बसले, डुगडुगले, आणि म्हणाले, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या सुरक्षेसाठी कुलूप लावलं.

सूनबाई म्हणाली, “टाकीला उशी लागते का?”

समोरच्या इमारतीतून दिसलं होतं ना सगळं. खाट, उशी, रेडिओ. दुपारी हे “पाहणी”ला जात ते झोपायला. मला म्हणायचे, फार ताण असतो गं. गालावर उशीची घडी उमटलेली असायची, मी समजायचे ताणच आहे तो.

हे उखडले. “मी तुझा सासरा आहे.”

“ते घरी गेल्यावर, बाबा. इथे तुम्ही सेक्रेटरी. कुलूप काढा.”

कुणीतरी म्हणालं, किल्ली घे आणि तूच उघड की. ती नाही म्हणाली. “उघडायचं काम सेक्रेटरींचं, तेही मीच करायला लागले तर मला कोण विचारणार?” मग हे पुढे आणि अख्खी सोसायटी मागे, अशी वरात जिना चढली. कुलूप निघालं. रंगारीणबाईने तिथल्या तिथे निळं कापड पसरलं.

घरी हे अबोला धरून जेवले. भात मात्र दोनदा घेतला.

पुढे सभेने रीतसर ठराव करून यांना गच्चीत झोपायची परवानगी दिली. कापडाखाली झोपायचे आणि निळं नाक घेऊन खाली यायचे. गच्चीला कुलूप मात्र पुन्हा लागलं नाही.

आता नवी सेक्रेटरी कोण, ठाऊकच आहे. सूनबाई. तिने आधी समिती सोडली, मगच पद घेतलं. तिच्या जागी समितीवर सभेने यांना बसवलंय. हसू नका, अजून पुढचं ऐका.

ती खुर्ची दुरुस्त करा म्हणून हे इतकी वर्षं सभेच्या मागे लागले होते. सभेने दाद दिली नाही. आज सकाळी यांनी सुताराला बोलावलं. मला वाटलं, जाता जाता हट्ट पुरा करतायत. म्हणून दारातून कान दिला.

हे सुताराला सांगत होते, “पाय आणखी थोडा काप. सूनबाई बसणार आहे.”

आपण सगळ्यांनी माझं ऐकून घेतलंत, उपकार झाले. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. आणि तक्रार करायचीच असेल, तर आता यांच्याकडे करा. दुपारची वेळ सोडून.