दुसऱ्या सेटचा रकाना

फादर, सेलिनवहिनी, सरांचे विद्यार्थी, वाडीवरची मंडळी, आणि मागच्या बाकांवर बसलेले आमचे हॅम रेडिओवाले मित्र.

मला भाषण येत नाही. वालीवच्या कारखान्यात मी पॅनलच्या वायरी जोडतो, तिथे तोंडापेक्षा पकड जास्त चालते. वहिनींनी बोलायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला सांगा. त्या म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही." म्हणून उभा आहे. मध्येच थांबलो तर सांभाळून घ्या.

आतापर्यंत सगळे सरांबद्दल चांगलं बोलले. खरंच बोलले. पण मित्रांनो, गेली दीड वर्षं आपल्यात आणखी एक गोष्ट बोलली जात होती. मास्तरांनी घाई केली. मास्तरांच्या सॉफ्टवेअरने लोकांचे सेट बिघडवले. बोलली जात होती ना? मीही तिथे बसून चहा पीत होतो आणि मान हलवत होतो. आज ती मान खाली घालून सांगतो, घाई सरांनी केली नव्हती. खोटं मी बोललो होतो.

जरा मागून सांगतो. वाडीवरच्या मंडळींना रेडिओतलं कळायचं कारण नाही.

पास्कलसर तुमच्यासाठी शाळेत विज्ञान शिकवणारे मास्तर. मला ते भेटले रेडिओच्या लायसनच्या परीक्षेमुळे. सरकारची परीक्षा दिल्याशिवाय हॅम रेडिओवर, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी सेटवर, बोलता येत नाही, आणि सर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की घरच्या ओटीवर ती फुकट शिकवायचे. मी मनवेलपाड्याहून सायकलवर यायचो. सर घरात इथली कादोडी बोली बोलायचे, माझ्याशी मात्र पुस्तकी मराठी. "मोहनराव, आपण चहा घेणार का?" मी त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान! वहिनी आतून हसायच्या.

आम्ही दोघांनी एकाच बनावटीचे दोन सेट घेतले होते, हातात मावणारे, वापरलेले. त्यात चॅनेल भरायचे तर बटणं दाबून बोटं मोडायची. कॉम्प्युटरवरून भरायचे तर कंपनीचं सॉफ्टवेअर वेगळं, वायर वेगळी, आणि दोन्ही इथे मिळत नव्हतं. पण जगभरच्या लोकांनी मिळून एक खुलं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं होतं. फुकट. कुणीही उघडून बघावं, कुणीही भर घालावी. त्यात बऱ्याच सेटची नावं होती, आमच्या सेटचं नव्हतं. मी म्हटलं, नशीब आपलं. सर म्हणाले, "नशीब कसलं? नाव नाही, तर आपण घालू."

आणि बसले की हो! वायर मी बनवली. बाकी सगळं सरांनी. सेटच्या आत आठवणीचे कप्पे असतात, हजारो. कुठल्या कप्प्यात काय आहे ते कंपनी सांगत नाही. मग शोधायचं कसं? सरांची पद्धत सांगतो. सेटमधलं सगळं वाचून ठेवायचं. मग बटणाने एक गोष्ट बदलायची. एकच. पुन्हा सगळं वाचायचं, आधीच्याशी ताडून बघायचं, कुठला कप्पा बदलला तो वहीत लिहायचा. मग दुसरी गोष्ट. मी म्हणायचो, सर, एका दमात चार बदलूया. ते म्हणायचे, "मोहनराव, चार बदलले की चारांपैकी खरं कोण बोलतंय ते कळत नाही." मध्येच लोडशेडिंग. वीज आली की पुन्हा पहिल्यापासून. दोन पावसाळे गेले असे.

काम झालं. एक शेवटची चाचणी राहिली, आणि ती माझ्याकडे होती. सरांच्या सेटमधलं वाचायचं आणि माझ्या सेटमध्ये लिहायचं. कारण शेवटच्या काही कप्प्यांत प्रत्येक सेटचे स्वतःचे आकडे असतात. किती ताकदीने बोलायचं, किती बारीक ऐकायचं. कारखान्यात त्या त्या सेटला जुळवून भरलेले. चष्म्याच्या नंबरासारखे समजा, एकाचा दुसऱ्याला चालत नाही. ते कप्पे आपलं सॉफ्टवेअर वगळतंय का, हे एका सेटवर कधीच कळत नाही, कारण त्याचेच आकडे त्यालाच परत मिळतात. त्याला दुसरा सेटच लागतो. सरांनी मला सगळं सीडीवर दिलं. म्हणाले, घाई नाही.

मी ती सीडी घरी नेली आणि कपाटावर टाकली. कारखान्यात ओव्हरटाइम होता. कंटाळा होता. आणि सर कधी चुकतात का? पुढच्या रविवारी सरांनी विचारलं, "दुसऱ्या सेटवर झालं?" मी म्हटलं, "झालं, सर. एकदम ओके."

एवढंच बोललो मी. पाच शब्द असतील नसतील.

सरांनी ते पाठवलं. त्या लोकांनी घेतलं. अशा कामात कुणी तपासलं त्याचं नाव लिहायची रीत असते. सरांनी लिहिलं, तपासणी पास्कल आणि मोहन, दोन सेटवर. माझं नाव जगात छापून आलं म्हणून मी कारखान्यात पेढे वाटले. वाटले ना पेढे!

दोन महिन्यांनी पत्रं यायला लागली. कुणी लिहिलं, माझा सेट बहिरा झाला. माझा सेट कुणाला ऐकूच जात नाही. त्यातलं एक आपल्याच बाजूचं, घाटातल्या गावातल्या माणसाचं. त्याने आमच्या सॉफ्टवेअरने मित्राच्या सेटवरून चॅनेल उतरवून घेतले होते, त्यांच्याबरोबर मित्राचे आकडेही आले. पावसात दरड पडली, रस्ता गेला, फोन गेले. तो दुपारभर सेटवर हाका मारत होता. आपल्यातले कितीतरी जण त्या वेळी ऐकत बसले होते, पण एकालाही त्याचा आवाज आला नाही. शेवटी तो चिखलातून चालत खाली आला आणि तोंडाने सांगितलं. कुणी दगावलं नाही. हे आमचं नशीब, अक्कल नव्हे.

सरांनी त्याच दिवशी आमचं काम त्या सॉफ्टवेअरमधून काढून घ्यायला लावलं. मग एकेकाला पत्र लिहिलं, चाचणी अपुरी राहिली, चूक माझी. माझी म्हणजे त्यांची. आणि मी काय बघितलं? काम मागे घेतल्याच्या नोंदीत, तपासणीच्या ओळीतून माझं नाव गायब.

मला राग आला. ऐका, मला राग आला! वायर मी बनवायची, दोन वर्षं मी सायकल मारायची, आणि नाव काढताना विचारायचंही नाही? ओटीवर जाणं बंद केलं. खोटं मी बोललो आणि रुसलोही मीच. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या.

मग एकदा सर मनवेलपाड्याला आले. तीन जिने चढून, वही बगलेत घेऊन. धाप लागली होती. तेव्हाच छातीचं दुखणं असणार, मी विचारलं नाही. म्हणाले, "मोहनराव, चूक सापडली आहे. दुरुस्त केलं आहे. तुमचा सेट दोन दिवस मिळेल का?"

मी म्हटलं, "विकला, सर."

सेट त्यांच्या समोरच्या फळीवर होता. वर्तमानपत्राखाली झाकलेला, चार्जरला लावलेला. कागदाच्या कडेतून लाल दिवा दिसत होता. सरांनी त्या दिव्याकडे बघितलं. मी त्यांना बघताना बघितलं. ते म्हणाले, "बरं. चहा छान झालाय." कप खाली ठेवला आणि तीन जिने उतरून गेले.

त्यानंतर मी सरांना बघितलं ते शवपेटीत.

दफनविधीनंतर आठवड्याने वहिनींनी मला बोलावून ती वही दिली. शेवटच्या पानांवर दुरुस्तीनंतरच्या चाचण्या होत्या. दोन रकाने. पहिल्यावर लिहिलंय पास्कल, खाली प्रत्येक ओळीला बरोबरची खूण. दुसऱ्यावर लिहिलंय मोहन. तो पूर्ण कोरा. तळाला एक ओळ, "मोहनचा सेट आला की."

विकला म्हणून सांगितलेला सेट! दुसऱ्या कुणाचा मागता आला असता. इथे मागे बसलेल्यांपैकी दोघांकडे तीच बनावट आहे, एका शब्दावर दिला असता. सरांनी मागितला नाही. रकाना माझ्यासाठी ठेवला.

मी वहिनींना खरं काय ते सांगितलं आणि विचारलं, मग माझं नाव का काढलं होतं? वहिनी म्हणाल्या, "मीपण हेच विचारलं त्यांना. म्हणाले, शिव्यांची पत्रं नाव वाचून येतात, सेलिन. पोराला कशाला?"

सरांना पहिल्या पत्राच्या दिवशीच कळलं होतं की मी चाचणी केली नाही. केली असती तर माझाच सेट बहिरा झाला असता, हे त्यांना न कळायला ते काय मोहन होते? कळून त्यांनी वहिनींना सांगितलं नाही, तुम्हाला सांगितलं नाही, मलाही बोलले नाहीत. तुमचे टोमणे मात्र ऐकून घेतले. मी बोललो असतो तर टोमणे थांबले असते. दीड वर्ष होतं माझ्याकडे. मी बोललो नाही, आणि आता ऐकायला ते नाहीत. ह्याला दुरुस्ती नाही.

गेले आठ दिवस मी सरांच्या ओटीवर बसून तो रकाना भरला. सरांचा सेट, माझा सेट. एका वेळी एकच गोष्ट. वहिनी समोर बसायच्या. ते शेवटचे कप्पे शाबूत राहतात, सर बरोबर होते. पण एक ओळ चुकली. लांब नाव असलेल्या चॅनेलचं शेवटचं अक्षर गळतंय. माझा हात खूण करायला गेला होता, खोटं नाही सांगत. मग मी तिथे 'चुकतंय' असं लिहिलं. ते नीट होईपर्यंत काम पाठवणार नाही. पाठवीन तेव्हा तपासणीच्या ओळीत माझं नाव असेल, आणि खाली हेही असेल की पहिल्या वेळी ह्याच माणसाने तपासलं नव्हतं. पत्रं येऊ देत.

वहिनी, फादरांची परवानगी असेल तर सरांच्या फोटोजवळ येतो. हा सरांचा सेट, तुम्ही आधीच ठेवलाय. आणि हा माझा. ही पिशवी मी सकाळपासून मांडीवर घेऊन बसलोय. सर, हा मी विकला नव्हता.

रेडिओवर पहिला नियम सरांनी हाच शिकवला होता. हाक मारून झाली की बटण सोडायचं आणि ऐकायचं, ओ येईपर्यंत. सर माझ्या दारात तेवढंच करून गेले.

उभे राहूया. दोन मिनिटं कुणी बोलू नका.