मेल थांबवणारं घर

‘त्यो मेलगाडी थांबवायचा आन् त्यापायी नोकरी—’ एवढंच ऐकलं? पुढचं न्हाय? अवो पावणं, पानटपरीवर अर्धं ऐकायचं आन् ठरत आलेली सोयरीक मोडायची, ही कुठली इचलकरंजीची रीत? बसा. बायडाबाईच्या दारातनं च्या घेतल्याबिगर कुणी जात न्हाय. आन् शेजारच्या घराचं मलाच इचारा — तिकडं फोडणी पडली की हितं मला शिंक येती.

तर तुमी बघितलेल्या पोरीचा, अनुजाचा पणजा. गणपतराव, म्हंजे तिचा आजा, गावभर सांगतोय — आमच्या वडलांनी हात वर केला की मेल जाग्यावर थांबायची. हात म्हणं! अवो, त्यो छोट्या रुळाच्या गाडीच्या कंपनीचा टेशन मास्तर. डबं काड्यापेटीएवढं, इंजिन दम्याचं. जंक्शनवर मोठ्या लाईनचा मास्तर त्याला खुर्चीबी देत नव्हता. छोटी गाडी उशिरा आली, तर मेल तिच्यासाठी थांबणार व्हय? शिट्टी मारून चालली. मग छोटीतली माणसं, पोरंबाळं, बोचकी — बसा फलाटावर उद्यापतोर.

मग थांबायची कशी म्हणता? थांबायची की! छोटीच्या आधीच्या फेरीनं आलेल्या विड्याच्या पानांच्या करंड्या फलाटावर रचलेल्या असायच्या. त्या मेलमधी चढल्याबिगर गार्ड झेंडी दाखवत नव्हता. छोटी उशिरा हाय म्हटलं की आपला मास्तर हमालाला डोळा घालायचा. मग हमाल एक करंडी उचलणार, परत ठेवणार, कंबर धरणार, दोर आवळणार, पानांवर पाणी मारणार — तवर छोटी येऊन माणसं मेलमधी बसलेली. हात कुणाचा चालला, तुमीच सांगा!

एकदा मोठ्या लाईनच्या मास्तरानं हमालाला पकडलं. इचारलं, कुणी शिकवलं रं? हमालानं मान खाली घातली. आन् आपला मास्तर? बाजूलाच उभा, तोंडात पान, गप. नोकरी गेली, खरंय — पर त्याची न्हाय, हमालाची. मास्तर मजेत पेन्शनीत गेला. हमाल बायकापोरं घिऊन हितं कोल्हापुरात आला, गुळाच्या ढेपा उचलाय लागला. आजी सांगायची, झोपेतबी त्यो मान खाली घालूनच...

आं? मला कसं ठाव? ...आजा व्हता त्यो माझा.

च्या घ्या. गार व्हतोय.

पोरगीत खोट न्हाय. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तवा थेंब घालाय रोज तीच यायची. माझी सून फोनवर. अनुजाला ह्यातलं कायबी ठाव न्हाय, आन् तुमी सांगायचंबी न्हाय. होकार कळवा. उठा आता, गणपतराव फिरून यायची येळ झाली. तिकडनं कुठं? मागच्या दारानं जावा!