पंधरावा नंबर

श्रीमंत : आडवा धर की मोबाईल. उभा धरल्यावर निम्म्या गाड्या दिसत न्हाईत.

शमशेर : गाड्या कुठं सुटल्यात अजून? साडेसहाला हाय शर्यत. तू जाहिराती बघतोयस, श्रीमंता.

श्रीमंत : मग तुला एवढा घाम कशापायी? नोव्हेंबरात सगळ्या घोडेगावात घामाघूम झालेला तू एकटाच गडी.

शमशेर : टायरात हवा भरत होतो, कॉम्प्रेसरपाशी.

श्रीमंत : कॉम्प्रेसर सकाळधरनं बंद हाय. आज रविवार हाय.

शमशेर : बरं, चहा पी गुमान.

श्रीमंत : पितो. पर आदी मला ही ग्रां प्री का काय ती नीट समजावून सांग. आपली हुमेरा ती फटफटी चालवत न्हाई ना?

शमशेर : कितीदा सांगू? चालवणारा तिकडं परदेशातला पोरगा हाय, मातेओ. हुमेराकडं टायरचं खातं. कुठलं टायर घालायचं, हवा किती, तापवायचं किती, सगळं तिच्याकडं.

श्रीमंत : म्हंजी तुझंच काम.

शमशेर : माझंच. मी ट्रॅक्टरचं करतो, ती ताशी तीनशेनं पळणाऱ्या गाडीचं करते, एवढाच फरक.

श्रीमंत : अन् त्यांची कंपनी, ती सह्यगिरी, औंदाच उतरली ना यात?

शमशेर : पहिलंच साल. पुण्याकडची माणसं हायेत. बाकीच्या टीम तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्सं जुन्या. पेपरात एकानं लिवलं, ही हौशी मंडळी दोन वर्सांत गाशा गुंडाळतील.

श्रीमंत : त्या पेपरवाल्याला शुक्रवारी माझ्याकडं बैलबाजारात धाड. खोंडाला पहिल्या वर्साला जू दाखवत्यात निस्तं. त्याचं माप तयार बैलाबरूबर काढणारा माणूस बैल घ्यायच्या लायकीचा न्हाई.

शमशेर : माप त्यांनी नाय काढलं, पोरीनंच काढलं. तुझ्यासमोरच काढलं की.

श्रीमंत : व्हय, आठवतंय. माझाच टॉवेल हुता. तू अन् ती बाजारात बैलाचा सौदा करत्यात तसं टॉवेलाखाली बोटं धरून बसलात. एक साल, अन् एक तरी गुण. गुण न्हाई आला तर दुकान संभाळायला घरी. मी साक्षीला.

शमशेर : तिनंच घातली ती अट. मी फक्त बोट दाबलं.

श्रीमंत : मग किती गुण झाले?

शमशेर : भोपळा. बावीस गाड्या पळतात, पहिल्या पंधरांना गुण. पंधराव्याला एक. ह्यांचा आजवरचा सगळ्यात चांगला नंबर सतरावा. अन् आजची शर्यत सालातली शेवटची.

श्रीमंत : म्हंजी आज पंधरावा न्हाई आला, तर पोरगी घरी.

शमशेर : हां.

श्रीमंत : अन् तुला काय पायजे?

शमशेर : चहा निवतोय तुझा.

श्रीमंत : फोन वाजतोय तुझा.

शमशेर : तीच हाय. बोल बेटा. दिसतेयस. मागं आवाज केवढा.

हुमेरा : अब्बा, पिटमध्ये आहे मी, गाडीपाशीच. तासाभरात शर्यत आहे. श्रीमंतकाका पण आहेत का? काका, सलाम.

श्रीमंत : सलाम बाय. लई गोरी दिसाय लागली.

हुमेरा : थंडीनं पांढरी पडलेय, काका. अब्बा, घाईत आहे, ऐका. मागच्या चाकाला मऊ टायर घालायचं का कडक, हे ठरवायचंय. आमचे साहेब मऊ म्हणतायत. मऊ सुरुवातीला चांगलं पकडतं. इथं झाडून सगळे मऊच घालणार आहेत. पण साहेब म्हणाले, टायर तुझं आहे, शेवटचा शब्द तुझा.

शमशेर : मग?

हुमेरा : मला कडक घालावंसं वाटतंय. पण सगळे एकीकडं अन् मी एकटी एकीकडं, म्हणून धीर होत नाही. सकाळच्या सरावातलं मऊ टायर दाखवते. हे बघा, ही डावी बाजू. इथं डावीकडची वळणं जास्त आहेत. दिसतंय का?

शमशेर : दिसतंय.

हुमेरा : काय वाटतं?

शमशेर : आता… एवढ्या लांबून मला काय कळणार, बेटा. तुझा साहेब शिकलेला माणूस. मऊ म्हणतोय तर मऊ घाल.

हुमेरा : नक्की?

शमशेर : एक मिनिट थांब हां. गिऱ्हाईक आलंय.

श्रीमंत : मला गिऱ्हाईक केलंस व्हय रं?

शमशेर : हळू बोल. तू डोळे वटारलेस म्हणून फोन खाली धरला.

श्रीमंत : शमशेर, तीस वर्सं झाली, माझ्या टेम्पोची टायरं तू बघतोस. दुसऱ्यानं बघितल्यालं टायर तू कदी खरं धरत न्हाईस. अन् आज एकदम साहेब शिकलेला झाला?

शमशेर : ते टायर वीस फेऱ्यांच्या पुढं टिकणार नाय. शर्यत सत्तावीस फेऱ्यांची हाय.

श्रीमंत : हे तिला का न्हाई सांगितलं?

शमशेर : तिची आई गेली, त्याला तीन सालं झाली. तवापास्नं निदान दोन ताटं लागायची. आता मी एकटाच भिताडाकडं बघून जेवतो. मऊ टायर घातलं तर डिसेंबरात पोरगी घरी येईल. लई आठवण येते रे तिची.

श्रीमंत : मग तसं सांग की तिला. आठवण येती म्हणावं, ये घरी. टायरला कशाला मधी घालतो?

शमशेर : तसं म्हणालो तर लगेच येईल ती. म्हणून तर म्हणवत नाय.

श्रीमंत : ऐक. गेल्या साली जामखेडच्या मानसाला मी बैल दिला. डाव्या डोळ्यानं अधू हुता. त्याला काय बी दिसलं न्हवतं, पर मी सांगितलं. पाच हजारानं भाव पडला तरी सांगितलं. चाळीस वर्सं बाजारात हाय, खोड सांगितल्याबिगर कुनाच्या हातात कासरा दिला न्हाई. अन् तू खुद्द लेकीला खोड लपवून जनावर देतोयस.

शमशेर : ठेवला असेल तिनं फोन एव्हाना.

श्रीमंत : उचल फोन. पोरगी ताटकळलीय.

शमशेर : बेटा, हायेस का?

हुमेरा : आहे, अब्बा. थांबलेय.

शमशेर : हातमोजा काढ. त्या टायरच्या डाव्या खांद्यावर, कडेला, तळवा ठेव. आता चाक फिरतं त्या बाजूनं हात फिरव. कसं लागतंय?

हुमेरा : गुळगुळीत.

शमशेर : आता उलटा फिरव.

हुमेरा : टोचतंय. करवतीसारखं लागतंय.

शमशेर : किती फेऱ्या पळालंय ते?

हुमेरा : बारा.

शमशेर : बारा फेऱ्यांत करवत झाली, मग सत्तावीस कशी काढणार? वीसनंतर चिंध्या होतील. माझं मघाचं सोड. कडक घाल. सुरुवातीला मागं पडाल, सगळ्यात मागं पडाल, तुझा साहेब तुझ्याकडं बघेल. बघू दे. अन् त्या मातेओला सांग, पहिल्या दहा फेऱ्या कुणाच्या नादी लागू नको.

हुमेरा : अब्बा.

शमशेर : काय?

हुमेरा : काही नाही. ठेवते. गाडी रांगेत लावायचीय.

(तासाभरानं. शर्यत सुरू झाली आहे.)

श्रीमंत : आपली कंची?

शमशेर : हळदीच्या रंगाची. एकसष्ट नंबर.

श्रीमंत : ती तर शेवटाला हाय.

शमशेर : एकोणिसावी सुटली होती. आता बावीस. मागं फक्त रस्ता राहिला.

श्रीमंत : ती शर्यतीचं सांगनारी इंग्रजी बाई काय म्हणती?

शमशेर : म्हणते, नव्या टीमनं टायर निवडायला चूक केली. सगळ्यांनी मऊ घातलंय, एकट्या ह्यांनी कडक.

श्रीमंत : कोन बाई हाय ही? हिनं हात लावून बघितलं हुतं का?

शमशेर : गप रे. ऐकू दे.

श्रीमंत : कितवी फेरी?

शमशेर : नववी. बावीसच. श्रीमंता, मी पोरीचं वाटोळं केलं का रे? साहेब म्हणत होता तेच बरोबर असलं तर?

श्रीमंत : मगाशी पोरगी घरी यावी म्हणत हुतास. आता हरली तर रडशील.

शमशेर : मगाचं मगाशी. आता ती शर्यतीत हाय.

श्रीमंत : चौदावी फेरी. आरं, येक आला की मागं. त्यो निळा.

शमशेर : एकवीस. विसावा पण घेतला. बघ, बघ, त्या लाल गाडीचं मागचं चाक बघ.

श्रीमंत : म्या कवाच बघितलंय. वळनाव मागचा पाय सरकतोय तिचा. दमली ती. आता जोर कराय गेली की बसंल.

शमशेर : टायर संपलं तिचं. एकोणीस. अल्ला, एकोणीस.

श्रीमंत : आपली बघ कशी एका चालीनं चाललीय. धा फेऱ्या कुनाच्या नादी लागली न्हाई शानी.

शमशेर : अठरा. सतरा. बाई काय म्हणतेय ऐकलंस का? म्हणते, ह्यांचं टायर अजून नव्यासारखं चाललंय.

श्रीमंत : आता आली व्हय बाई ताळ्यावर.

शमशेर : पंचविसावी फेरी. सोळा. श्रीमंता, सोळा.

श्रीमंत : माझा हात सोड, मोडशील.

शमशेर : दोन फेऱ्या. पुढची ती पांढरी. हातभर अंतर राहिलंय. मातेओ, बाबा, डावीकडनं. डावीकडनं घाल, त्याच्या टायरचा डावा खांदा गेलाय.

श्रीमंत : त्याला ऐकू जातंय का तुझं?

शमशेर : जाऊ दे न जाऊ दे. शेवटची फेरी. सरकली, पांढरी सरकली. घातली त्यानं. घातली.

श्रीमंत : किती?

शमशेर : थांब, एक वळण हाय अजून. दाबू नको बाबा, धर तशीच, धर.

श्रीमंत : शमशेर, किती?

शमशेर : पंधरा. पंधरावा आला. श्रीमंता, पोरगी पंधरावी आली.

श्रीमंत : ये छगन, चहाची टपरी सोड अन् हलगी काढ. कुठं ठिवलीय? मग आन जा घरनं. काय झालं म्हून काय इचारतो? शमशेरभाईची हुमेरा पंधरावी आली. न्हाई, पयली न्हाई, पंधरावी. हसू नको, जगात पंधरावी हाय ती. तू गल्लीत तरी कितवा हायेस?

शमशेर : श्रीमंता, अरे हळू. सगळा चौक गोळा करशील.

श्रीमंत : करनारच. तू डोळं पूस आदी, मग मला गप बसवायला ये.

शमशेर : धूर गेला डोळ्यात.

श्रीमंत : कशाचा धूर? घे, माझा टॉवेल घे. अन् फोन उचल, वाजतोय कवाचा.

शमशेर : बेटा.

हुमेरा : अब्बा, बघितलं?

शमशेर : बघितलं.

हुमेरा : साहेबांनी मला खांद्यावर घेतलं. मातेओ रडतोय, हेल्मेटच काढत नाही. मालक म्हणतायत, पुढच्या साली दोन गाड्या उतरवायच्या. आम्ही एवढे नाचतोय की पहिल्या नंबराची टीम येऊन विचारून गेली, तुम्हाला काय झालं म्हणून.

शमशेर : इकडंबी तेच चाललंय. छगन हलगी आणायला पळालाय.

हुमेरा : पंधराव्या नंबरला हलगी?

शमशेर : श्रीमंताला कोण सांगणार? बेटा, एक सांगायचंय. मगाशी मी पहिल्यांदा मऊ म्हणालो, ते…

हुमेरा : मला कळलं होतं, अब्बा. उलटा हात फिरवल्याशिवाय तुम्ही टायरबद्दल एक शब्द बोलत नाही. म्हणून फोन ठेवला नाही मी.

शमशेर : अन् मी मऊवरच थांबलो असतो तर?

हुमेरा : तर कडकच घातलं असतं. पण तुम्हाला तिथं एकट्यानं करमत नाही हे ओळखून, शर्यत संपल्यावर सामान बांधून घरी आले असते. नंबर कितवाही आला असता तरी.

शमशेर : आता राहू दे सामान तिथंच, बेटा.