बारा फुटांचा रस्ता

रुचिरा : हे ‘अरुंद रस्ता’ कोणी लिहिलं?

अभिजित : मी. आज सकाळी घातलं.

रुचिरा : अरुंद कुठे आहे तो? मी टेप लावून मोजलाय, अभिजित. शिंगाड्याचं तळं संपतं तिथपासून गावच्या विहिरीपर्यंत बारा फूट. वर उभ्या विटा बसवल्यात. ट्रॅक्टर ट्रॉलीसकट जातो तिथून.

अभिजित : बरं, ‘अरुंद’ खोड. पुढचं राहू दे. ‘किलोमीटर त्रेसष्ट पॉइंट चार, दोनशे मीटर सायकलवरून उतरून चालावे.’ बस.

रुचिरा : का उतरावे?

अभिजित : गाव आहे, यार. म्हातारी माणसं बाहेर बसतात, पोरं खेळतात. एकशेवीस सायकली एकदम घुसल्या तर बरं दिसतं का?

रुचिरा : एकशेचार किलोमीटरच्या वाटेवर अकरा गावं आहेत. बाकी दहा गावांत म्हातारी माणसं नाहीत? पोरं नाहीत?

बाबुराव : रुचि, आधी पाणी तर पिऊ दे त्यांना. अमौसी विमानतळावरून ड्यूटी संपवून उन्हाचे आलेत.

अभिजित : नको काका. साडेपाचला प्रेसवाला शटर ओढतो. कार्ड आज गेलं नाही तर परवा रविवारी लोकांच्या हातात काय देणार?

बाबुराव : पण नकाशा फोनमध्ये असतो म्हणता ना तुम्ही?

अभिजित : असतो. जंगलात रेंज जाते. म्हणून प्रत्येकाच्या हँडलला एक कार्ड बांधायचं. कुठे वळायचं, कुठे वाळू लागेल, पाणी कुठे मिळेल. हे लोक डांबर सोडून कच्च्या वाटेवर जायलाच येतात, काका, जाड टायरच्या सायकली घेऊन. कार्डावर लिहिलं की बिनबोभाट ऐकतात.

रुचिरा : म्हणूनच विचारतेय. तुला कोणाचा फोन आला?

अभिजित : तुला कसं कळलं फोन आला?

रुचिरा : तू आपणहून कधी कोणाला उतरवलं नाहीस. मागच्या वर्षी नाल्यातसुद्धा नाही.

अभिजित : तळ्यासमोर ती पिवळी कोठी आहे ना, जमीनदारांचा वाडा, तिथून आला. फार सभ्य बोलले. म्हणाले, आप शहर के लोग हैं, शौक से निकलिए, आम्ही सरबत ठेवू. फक्त...

रुचिरा : बोल.

अभिजित : फक्त दक्खिन टोल्यातलं कोणी तुमच्याबरोबर असेल तर त्याने कोठीसमोर उतरून चालावं. गावची रीत आहे म्हणे.

बाबुराव : दक्खिन टोला म्हणजे दक्षिणेची वस्ती. आमच्या गावी आमची पण त्याच दिशेला होती. पुढे सांगायची गरज नाही.

रुचिरा : म्हणजे कांचनने उतरावं.

अभिजित : त्यांनी नाव नाही घेतलं.

रुचिरा : आपल्याबरोबर त्या टोल्यातलं दुसरं आहे कोण? बाबा, ही सगळी वाट त्या मुलीने दाखवलीय. जंगलातल्या पायवाटा, कालव्याची पटरी, सातही तळ्यांचे बांध. नकाशात यातलं निम्मंसुद्धा नव्हतं. एकोणीस वर्षांची पोर, खटारा सायकल, आणि मी सत्तर हजारांची सायकल घेऊन तिच्या मागे धापा टाकत. परवा ती सगळ्यांच्या पुढे असणार आहे. आणि हा तिला उतरवतोय.

अभिजित : तिला एकटीला नाही! ऐकून तर घे. ती एकटी उतरली तर तिचा अपमान. म्हणून मी म्हटलं, सगळेच उतरू. दिल्लीचे, कानपूरचे, मीसुद्धा. कोणाला वेगळं वाटायला नको.

रुचिरा : वा. एकीवर लादलेली रीत तू एकशेवीस जणांवर नेलीस, आणि वर छापून देतोयस. कारण काय, तर अरुंद रस्ता.

अभिजित : टोमणे मारणं सोपं आहे. आपण संध्याकाळी घरी येऊ, आंघोळ करू, फोटो टाकू. ती तिथेच राहते. सोमवारी तिच्या बापाला शेतावर कोणी उभं केलं नाही तर तू काम देणार आहेस? हिंमत आपली आणि मार तिला, असं नको व्हायला.

बाबुराव : हे मात्र ते खरं बोलले.

रुचिरा : बाबा, तुम्हीपण?

बाबुराव : मी तर उतरलेला माणूस आहे, बाई.

रुचिरा : म्हणजे?

बाबुराव : एक्याऐंशी साल. इथे लखनौला टेलिफोन खात्यात नुकता लागलो होतो. मलिहाबादच्या पुढे लाइन तपासायला जायचो, खात्याच्या सायकलवर. तिकडे कोणाला माझं गाव ठाऊक नाही, आडनावावरून काही कळत नाही. जो तो बाबूजी, बाबूजी करतो. एका गावात मोठं दार दिसलं. समोर खाटा टाकून माणसं बसलेली. मी उतरलो.

अभिजित : त्यांनी सांगितलं?

बाबुराव : कोणीच नाही सांगितलं. उलट विचारलं, बाबूजी, पंक्चर हो गया क्या? मी म्हटलं, हाँ. आणि चांगली धडधाकट सायकल हातात धरून कोपऱ्यापर्यंत चालत गेलो. वर्ध्याकडे माझ्या बापाला मी तसं उतरताना पाहिलं होतं ना. माझे पाय आपोआप खाली आले. तुझ्या आईलाही सांगितलं नाही कधी.

रुचिरा : चेन.

अभिजित : काय?

रुचिरा : कांचनची चेन. सहा महिने, प्रत्येक वेळी त्या तळ्यापाशी तिची चेन पडायची. ‘दीदी, आप चलिए, हम आते हैं.’ मी विहिरीपाशी थांबायचे, ती सायकल ढकलत यायची. मी तिला नवी चेन आणून दिली, अभिजित. बसवून दिली. वर म्हटलं, आता नाही पडणार.

बाबुराव : तिने काय म्हटलं?

रुचिरा : थँक्यू म्हणाली.

बाबुराव : मग आता तुम्ही दोघं माझ्या घरात बसून तिचं ठरवताय, ते तिला विचारलं का?

अभिजित : उगाच टेन्शन कशाला द्यायचं म्हणून मी...

बाबुराव : आणि तू?

रुचिरा : नाही विचारलं. लावते फोन.

(रुचिरा फोन स्पीकरवर टाकून चहाच्या कपांच्या मधोमध ठेवते.)

कांचन : हाँ दीदी, नमस्ते. हम कोचिंग से निकल रहे थे.

रुचिरा : कांचन, अभिजित सर पण आहेत... सर भी बैठे हैं. उनको पीली कोठी से फोन आया था.

कांचन : अच्छा! आपको भी?

अभिजित : भी मतलब?

कांचन : सर, हमसे तो मंगल को ही कह दिए थे. हम सोमवार से उतर नहीं रहे हैं न.

रुचिरा : सोमवार से?

कांचन : पिछले इतवार ट्रायल में चालीस लोग पीछे थे. हम आगे थे, रुकते कैसे? बैठे-बैठे निकल गए. किसी ने कुछ नहीं कहा. घर आके सोचे, इतवार को बैठ के गए तो सोमवार को काहे उतरें? तब से रोज बैठ के जाते हैं. पापा दो दिन चिल्लाए, फिर बोले, अच्छा, घंटी मत बजाना.

बाबुराव : और?

कांचन : बजाते हैं, अंकल.

अभिजित : बेटा, डर नहीं लगता?

कांचन : लगता है सर. इसीलिए तेज चलाते हैं.

रुचिरा : हम कार्ड पर लिखने वाले थे कि वहाँ सब लोग उतरेंगे.

कांचन : छापिएगा मत, दीदी. अभी तो खाली उनकी जबान है. कागज मिल गया तो वही दिखाते फिरेंगे, देखो, लखनऊ के साहब लोग भी लिख के दिए हैं. फिर हमारी छोटी बहन को भी उतारेंगे. और सुनिए, पाँचवें ताल का बाँध कट गया है, पीपल से बाएँ मुड़ना है. वो लिखिए. रखते हैं, टेंपो पीछे लगा है.

अभिजित : सोमवारपासून. आणि मी इथे तिला वाचवायला एकशेवीस माणसं उतरवत होतो.

बाबुराव : आता घ्या चहा. गार झालाय, पण घ्या.

रुचिरा : ती ओळ काढली. पाचव्या तळ्याचं घातलं. पिंपळापासून डावीकडे. पाठवू प्रेसला?

अभिजित : थांब एक मिनिट. मी आयोजक आहे, मला पुढचा विचार करावा लागतो. त्यांनी रस्त्यात खाटा टाकल्या तर? लाठ्या घेऊन चार माणसं उभी राहिली तर?

रुचिरा : आजच पोलीस ठाण्यात लेखी देऊ. त्यांचा फोन किती वाजता आला, काय म्हणाले, शब्द न शब्द. सरबतासकट.

अभिजित : माझ्या नावाने लिही. फोन मला आला होता. आणि परवा मी मागे राहणार नाही, कांचनच्या शेजारी चालवेन.

रुचिरा : तिचा वेग तुला झेपला तर.

अभिजित : पाठव. पाठव लवकर, पाच वाजून दहा झाले.

रुचिरा : गेलं.

अभिजित : काका, खरं सांगा. ठाण्याचं कोणी आलंच नाही आणि त्यांनी खरोखर अडवलं, तर काय करायचं?

बाबुराव : थांबायचं.

अभिजित : थांबून?

बाबुराव : एक पाय टेकवायचा, बूड सीटवरच ठेवायचं. तसा माणूस खूप वेळ थांबू शकतो, अभिजितभाऊ.