दोरीवर ‘हम’ नसतो

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, म्हणजेच आमच्या कंपनीचे मालक, ज्यांच्या उंच इमारतींच्या काचा पुसून आमच्या घरच्या चुली पेटतात ते प्रमुख पाहुणे, माझ्या डाव्या हाताला अवघडून बसलेल्या आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती ताई, पहिल्या रांगेतले भावोजी, ताईंच्या सूनबाई आणि घरची सगळी मंडळी, माझे दोरीवरचे सोबती, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बंधू-भगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मला इथं उभं केलंय ते मी बरा बोलतो म्हणून नव्हे. कंपनीतला सगळ्यात जुना सुपरवायझर मी, आणि ताईंची बोलणी सगळ्यात जास्त मीच खाल्लीत. तेव्हा हा मान माझाच होता.

पाहुण्यांसाठी थोडं सांगतो. आमची माणसं इमारतीच्या गच्चीवरून दोरीला लटकून खाली उतरतात आणि बाहेरून काचा धुतात, भिंती रंगवतात. लोक म्हणतात ना, जीव टांगणीला लागलाय? आमचा तो रोजचा धंदाच आहे. कमरेला पट्टा, पट्ट्याला बक्कल, बक्कलाला दोरी आणि खाली रस्ता. मध्ये दुसरं काही नाही.

ताई आमच्याकडे आल्या त्या स्टोअर सांभाळायला. त्याआधी त्या एका कारखान्यात बॅगा आणि पट्टे शिवत होत्या. स्टोअरबरोबर त्यांच्या गळ्यात आणखी एक काम पडलं. रोज सकाळी माणसं वर जाण्याआधी प्रत्येकाकडून त्याचं सामान तपासून घ्यायचं. आता आमची बहुतेक माणसं हिंदी बोलणारी. आणि ताईंचं हिंदी कसं? शाळेत परीक्षा देऊन मिळवलेलं, कडक इस्त्रीचं!

पहिल्या सकाळचा प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर आहे. स्टोअरसमोरच्या अरुंद बोळात सगळे रांगेत उभे. कुणी जांभया देतंय, कुणी दंतमंजन लावून बोट तोंडात घातलेलं. ताई पायरीवर उभ्या राहिल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, “भाइयो, कृपया अपने-अपने पट्टे का परीक्षण कीजिए.”

एक जण माझ्या कानाशी लागला. “उस्ताद, परीक्षा है क्या आज?” मी म्हटलं, परीक्षा नाही रे, परीक्षण. तो म्हणाला, “एक ही बात है. हम तो पाँचवीं में परीक्षा के डर से ही भागे थे.” आणि बोळात जो हशा पिकला, तो वरच्या ऑफिसात मालकांना ऐकू गेला.

त्या दिवसापासून ताईंचं नाव ‘परीक्षण मॅडम’ पडलं. चहा आला की कुणीतरी म्हणायचं, “पहले मॅडम परीक्षण करेंगी.” नवी चप्पल घेतली, परीक्षण. एकाचं लग्न ठरलं, तर सगळे त्याला विचारतायत, परीक्षण किया क्या? ताई हसायच्या, पण घरी जाऊन भावोजींना म्हणाल्या होत्या, “माझी भाषा म्हणजे त्यांची करमणूक झालीय.” हे मला भावोजींनीच सांगितलं. भावोजी, आज गुपित फोडतोय, राग मानू नका.

मग मीच शहाणपणा केला. ताईंना म्हटलं, “कशाला एवढं जड बोलता? चेक करो म्हणा, सगळ्यांना कळतं.” ताईंनी ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून “चेक करो” सुरू झालं. समोरून लगेच उत्तर यायचं, “चेक है, मॅडम!” तोंडात घास असताना यायचं, बुटाची नाडी बांधताना यायचं. एकदा तर पट्टा खुंटीवरच होता आणि त्याचा मालक बोळाच्या टोकावरून ओरडला, “चेक है!”

तेव्हा आमच्यात एक वयस्कर रंगारी होते. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. ते आजही आलेत, तिकडे पंख्याखाली बसलेत. चाचा एकदा ताईंच्या खिडकीशी गेले. मी आत दोऱ्या गुंडाळत बसलो होतो, म्हणून ऐकलं.

“मॅडम, आप वो पहले वाला बोलिए.”

“कौन सा?”

“परीक्षण कीजिए.”

ताई म्हणाल्या, “उस पर तो सब हँसते हैं, चाचा.”

“हँसने दीजिए. मॅडम, पूरी ज़िंदगी हमको सबने बोला, कर, उठा, चल, देख बे. ‘कीजिए’ किसी ने नहीं बोला. वो सुनते हैं तो आदमी सीधा खड़ा हो जाता है.”

सभ्य गृहस्थहो, तुम्ही मला सांगा, माणसाला सरळ उभं करायला किती खर्च येतो? एक ‘कीजिए’! पण तो आमच्यापैकी कुणाला सुचला नव्हता.

ताई पुन्हा पायरीवर उभ्या राहिल्या आणि पुन्हा आपलं इस्त्रीचं हिंदी सुरू केलं. या खेपेला मात्र त्यांनी एक भर घातली. नुसतं मान हलवून चालणार नाही. प्रत्येकाने स्टोअरमधल्या तुळईच्या हुकाला स्वतःचा पट्टा अडकवायचा, गुडघाभर उंचीवर लटकायचं, खाली गादी, आणि मग तोंडाने पूर्ण वाक्य बोलायचं, “मैंने परीक्षण किया.” गंमत अशी की, आमच्या माणसांच्या बोलीत स्वतःलाही ‘हम’च म्हणतात. ते म्हणायचे, “हम किए हैं परीक्षण, मॅडम.” ताई मान हलवायच्या. “हम नहीं. मैंने.”

एक जण वैतागून म्हणाला, “मॅडम, हमारे यहाँ हम मतलब मैं ही होता है.”

ताई म्हणाल्या, “आपके घर में होता होगा. रस्सी पर ‘हम’ नहीं होता.”

त्यावर कुणी हसलं नाही. मी स्वतः मराठी माणूस, पण त्या दिवसापासून मीही रोज लटकून ते वाक्य म्हणत आलोय. एवढं जड वाक्य चावता चावता म्हणता येत नाही हो. ते म्हणायचं तर आधी तोंड रिकामं करावं लागतं, मग मान खाली घालून आपल्याच कमरेकडे बघावं लागतं.

आता मी ज्या प्रसंगाकडे येतोय, त्यासाठी अध्यक्षांची परवानगी हवी. साहेब, सांगू? ... साहेबांनी मान डोलावली. हसले म्हणजे हरकत नाही.

शहरातल्या सगळ्यात उंच इमारतीचं काम आम्हाला मिळालं होतं. मालकांनी त्यासाठी जिवाचं रान केलं होतं. कामाच्या सकाळी कोरे करकरीत पट्टे आले, सीलबंद, वर मोठ्या कंपनीचा शिक्का. मालक सूट-टाय घालून हजर, कारण तिकडे जागेवर इमारतीची मोठी माणसं येणार होती. आमची गाडी सुरू करून ठेवलेली. सगळ्यात आधी मी उतरणार असं ठरलेलं, म्हणून मालकांनी स्वतःच्या हाताने पाकीट फोडून पहिला पट्टा मला दिला आणि मी तो कमरेला बांधलासुद्धा.

ताई दारात आडव्या आल्या. “परीक्षण झालेलं नाही.”

मालक म्हणाले, “अहो ताई, नवीन आहेत. सील तुमच्यासमोर फोडलं. आणखी काय बघायचं राहिलं?”

“साहेब, नवीन आहेत म्हणजे यांना अजून कुणी लटकलेलं नाही.”

“तिकडे लोक माझी वाट बघतायत! एकेकाला लटकवत बसलात तर दुपार होईल.”

“मग निदान एकाने लटकावं.”

“कुणी?”

ताई म्हणाल्या, “तुम्ही लटका.”

मालकांचा चेहरा लाल. मला वाटलं, ताईंची नोकरी गेली आणि आपलं कामही गेलं. मालकांनी कोट काढला नाही की काही नाही, तरातरा आत गेले, तसाच एक कोरा पट्टा कोटावरून बांधला, हुक अडकवला आणि पाय उचलले. पट्टा राहिला. मालक हवेत तरंगत ताईंना म्हणाले, “झालं समाधान?” आणि आम्हाला दाखवायला म्हणून त्यांनी दोन्ही हात पसरून एक झोका घेतला.

खर्रकन आवाज झाला, बक्कलातून पट्टा सुटला आणि आमचे मालक गादीवर उताणे!

टाय तोंडावर, एक बूट तुळईखाली. साहेब, माफ करा, पण आम्ही सगळे खदाखदा हसलो. खोटं कशाला बोलू, मी सगळ्यात मोठ्याने हसलो. ताई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी तो पट्टा उचलला, बक्कलात ओवला आणि हाताने ओढला. पट्टा सरसर बाहेर आला. आतल्या दातांना पकडच नव्हती. त्यांनी दुसरा घेतला. तोही तसाच. तिसऱ्याला हात लावला तेव्हा हसणं कधीच थांबलं होतं.

माझ्या कमरेला त्यातलाच एक होता. चाचांनी पुढे येऊन सोडला. मी तिथेच जमिनीवर बसलो. त्या वेळी आमची धाकटी नुकतीच रांगायला लागली होती. दुसरं काही डोळ्यांपुढे आलं नाही हो, फक्त तिचे ते गुडघे दिसत होते, फरशीवर घासून काळे झालेले.

मालक गादीवरून उठले नाहीत. तसेच पडून, छताकडे बघत म्हणाले, “गाडी बंद करा. आज कुणी वर जाणार नाही.”

लोक मला विचारतात, एवढी वर्षं एकाच कंपनीत कसा राहिलास? त्यांना मी हा प्रसंग सांगतो. मालकाला तोंडावर ‘तुम्ही लटका’ म्हणणारी बाई मी या कंपनीत पाहिली, आणि खरोखर लटकणारा मालकही याच कंपनीत पाहिला. ते सगळे पट्टे परत गेले. मोठं काम आठवडाभर लांबलं, इमारतवाल्यांची बोलणी साहेबांनी एकट्याने ऐकली, आमच्यापर्यंत एक शब्द येऊ दिला नाही. आजही नवा माल आला की पहिले लटकतात ते साहेब. आता वजन वाढलंय, त्यामुळे परीक्षण अधिक कसून होतं.

एक गोष्ट मात्र तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत नसेल. एवढ्या माणसांना वर पाठवणाऱ्या ताईंना उंचीची भीती वाटते. गच्चीवर आल्या तरी कठड्यापासून चार हात लांब. खिडकीतून वाकून भाजीवाल्याला हाकही त्या मारत नाहीत, ते काम भावोजींचं. गेल्या आठवड्यात त्या माझ्याकडे आल्या आणि हळूच म्हणाल्या, “जाण्याआधी मला एकदा उतरायचंय.”

मी म्हटलं, “ताई, कशाला उगाच?”

“इतकी वर्षं तुम्हाला ज्या जागी पाठवलं, ती जागा मी पाहिलेलीच नाही. बरं वाटत नाही मला ते.”

मग आम्ही नेलं. साडीवरून चालेना म्हणून सूनबाईंचा पंजाबी ड्रेस घालून आल्या होत्या. पट्टा स्वतः बांधला, स्वतः लटकल्या, आणि आम्हा सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाल्या, “मैंने परीक्षण किया.” आवाज कापत होता, पण व्याकरण शुद्ध! बाजूच्या दोरीवर मी. कठडा ओलांडला तेव्हा त्यांनी डोळे गच्च मिटले होते. मी बोलत राहिलो, काहीबाही, पाण्याच्या टाकीबद्दल, कबुतरांबद्दल. अर्ध्यावर आल्यावर आतल्या ऑफिसातली एक मुलगी उठून काचेशी आली आणि तिने हात हलवला. मी म्हटलं, “ताई, कुणीतरी तुम्हाला बोलावतंय.” ताईंनी डोळे उघडले. आधी त्या मुलीकडे बघितलं, मग मान वळवून सगळ्या शहराकडे बघितलं.

खाली भावोजी ताईंच्या चपला हातात घेऊन उभे होते. पाय जमिनीला लागल्यावर ताई पहिलं वाक्य काय बोलल्या असतील?

“अहो, वरून आपलं घर दिसतं. गच्चीचं दार उघडं टाकून आलात तुम्ही.”

भावोजी म्हणाले, “तू वर लटकलेली असताना मला दाराची शुद्ध राहील होय?” आणि खाली वाकून त्यांनी चपला त्यांच्या पायाशी ठेवल्या.

मंडळी, बोलता बोलता वेळ फार घेतला, चिठ्ठी आलीय. अध्यक्षांनी मोठ्या मनाने ऐकून घेतलं, पाहुणे कामं टाकून आले, सूनबाई आणि घरच्यांनी इतकी वर्षं आपलं माणूस आम्हाला दिलं, त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे. माझी जीभ दोरीवर वाढलेली, सभेतली नव्हे. कुठं गाठ सैल राहिली असेल, कुणाला शब्द लागला असेल, तर पदरात घ्या.

ताई, लोक निरोपाला शाल देतात, नारळ देतात, तेही आपण देणारच आहोत. पण साहेबांसमोर, घरच्यांसमोर मला एवढंच अभिमानाने सांगायचंय. सकाळी तुमच्या पायरीसमोरून जो जो माणूस वर गेला, तो संध्याकाळी आपल्या घरी जेवायला बसला. एकही ताट तसंच झाकून राहिलं नाही.