काचेतून दोन चंद्र

हॅलो?… हं, बोल ताई… दम? लागलाय थोडा, काळजीचं काही नाही. दुर्बीण उचलून अंगणात आणली आत्ता… दुर्बीण गं. चंद्र-तारे बघायची… हो, घेतली. परवा. वापरलेली आहे, नवी कुठली परवडायला…

हो. घरातला मिक्सर बंद पडलाय आणि मी दुर्बीण घेतली. झालं तुझं बोलून? आता ऐक ना…

अगं, आमच्या ठमीचे दात बघतात त्या डॉक्टरीणबाई नाहीत का, त्यांची. दवाखाना आवरून लेकाकडे निघाल्यात कायमच्या. तिकडे सातवा मजला, गच्चीला कुलूप. मग दुर्बीण काय कपाटातले कपडे बघायला नेऊ, म्हणाल्या… नाही, फसवलं-बिसवलं नाही. दातांत घालतात तो चिमुकला आरसा नळीत घातला आणि आतला मोठा आरसा सगळीकडून दाखवला मला. कीड नाही, जरा पिवळेपणा आलाय, पण घासायला जाऊ नका म्हणाल्या… हसतेस काय, खरंच असं म्हणाल्या.

स्टँड? ठमीच्या बाबानं जोडला. शेवटी एक स्क्रू उरला. तो म्हणतो, कंपनी एक जास्तीचा देतेच. तू ओळखतेस ना त्याला… हो, आज दुपारपाळीला गेलाय, मी आणि ठमीच आहोत घरी. थांब, तुला स्पीकरवर टाकते आणि ओट्याच्या खिडकीत ठेवते. दोन्ही हात लागतात ह्याला… येतंय ऐकू?

नाही ना, काल नाही दिसलं नीट. काल सगळाच घोळ झाला. दुर्बिणीच्या पाठीवर एक छोटी दुर्बीण असते, नेम धरायला. दोघींची नजर एका जागी आणायची, ती दिवसाउजेडी, लांबच्या कशावर तरी. मी मागच्या घराच्या टाकीवर लावली. ह्यातून सगळं उलटं दिसतं, तशी टाकी उलटी. टाकीशेजारी मागचे काका, तेही उलटे, बनियनवर जोर काढत होते. त्यांनी हात केला… मग मी काय करणार? मीही केला. संध्याकाळी कुंपणापाशी येऊन विचारतात, कसा दिसत होतो? म्हटलं, डोकं खाली, पाय वर. तर म्हणाले, बायकोचंही हेच म्हणणं असतं…

हं, मग रात्र पडायच्या आत चंद्रावर लावली. तर दोन चंद्र. एकावर एक, फेसातून बघितल्यासारखे. डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, मधे काच तर नाही ना?… हो ताई, खिडकीतून बघत होते. बंद खिडकीतून… कारण ठमीला गार हवेनं खोकला होतो… हो, आणि तिला अंधारात न्यायचा मलाच धीर होत नाही, तेही खरं. आणि तिसरं कारण म्हणजे ठमी खिडकीतूनच बघेन म्हणाली.

हळू बोल. दारात उभी आहे ती… अगं तेच तर. ह्या घरात राहायला आल्यापासून दिवेलागणीनंतर उंबरा ओलांडला नाही तिनं. बाथरूमला जायचं तरी मी सोबत. बोळातला दिवा, जिन्यावरचा दिवा, सगळे चालू. म्हटलं, अंधारात काहीतरी बघण्यासारखं आहे असं कळलं, तर एखादं पाऊल टाकेल… तेवढ्यासाठीच घेतली गं. बाईंनी बजावलंय, ओढू नका तिला. दात असो की मूल, ओढलं की दुखतंच.

थांब हं… मिळाला. ताई, मिळाला चंद्र. एकच आहे… नाही गं, कोर आहे, पण उरलेलाही अंधूक दिसतो. आणि कडेला खड्डे, ओल्या वाळूत बोटं रुतवावीत तसे. एका खड्ड्याच्या मधोमध डोंगर आहे इवलासा… ओरडत नाहीये, मोठ्यानं सांगतेय. कुणासाठी ते कळतंय ना तुला? मग विचार काहीतरी. मोठ्यानं विचार… शाब्बास. हो ताई, डोंगराला सावलीसुद्धा आहे! एका बाजूला, काळीकुट्ट…

अगं, अगं, निघाला. सरकतोय की हा. आत्ता मधोमध होता, आता कडेला गेला… मी नाही हात लावला. आपलीच पृथ्वी फिरते ना, तिच्यामुळं. पळाला बघ पार…

काय गं ठमे?… वरती पळाला. म्हणजे उलटा असल्यामुळं खाली… पुन्हा पकडते, पण हा थांबायचा नाही…

ताई. काही बोलू नकोस. पायरी उतरली. चपला न घालता… नाही, काही नाही म्हणत मी. ये, ह्या स्टुलावर चढ. नळीला धरू नकोस, फक्त डोळा. दुसरा मिट… दुसरा गं, तोच नको.

… …

आहे, लाइनवर आहे मी. ती बघतेय… तोंड उघडंच राहिलंय नुसतं. किडलेली दाढ दिसतेय मागची…

काय म्हणालीस बाळा?… स्वयंपाकघरातला?

ताई, दिवा बंद कर म्हणतेय. डोळ्यावर येतो म्हणे… हो, हीच. आमचीच ठमी… करते गं, करते. अंधार होईल हं मग… ताई, बटणावर बोट आहे माझं आणि दाबवत नाहीये. हा दिवा गेला की ती मला दिसणार नाही… सांग ना, काय करू… हं. हं… बरं.

केला. बोळातलाही केला… नाही, काही दिसत नाहीये. नुसती तिची बडबड ऐकू येतेय. खड्डे मोजतेय… मी दारातच आहे अजून…

ऐकलंस? म्हणतेय, आई, तिथे अंधार आहे, तू इकडे ये माझ्याकडे.

नाही रडत. रडू कशाला… सर्दी आहे. अगं असेल ना, गार हवा आहे इथे…

हो गं बाळा, आले. काय?… ताई, तुझी पण तक्रार आलीय. फोन चमकतोय खिडकीत, तोही बंद कर म्हणते. आणि मावशीला म्हणावं, तूही बघ, तुझ्याकडेही हाच असेल… हो, जा, खिडकीतून दिसेल तुला आत्ता. काच मात्र उघड गं आधी. ठेवते…