न मागता आलेले बीन्स

हसू नका हो! मयूरा, तू तर मुळीच हसू नकोस, तुझं पान अजून अर्धं वाढायचंय मला… हो, ते बीन्सच आहेत, डब्यातले, टोमॅटोच्या गोड रस्स्यातले, आणि चटणी-कोशिंबिरीच्या शेजारी ते मी मुद्दाम वाढलेत, आणि पुरणाच्या पलीकडे जो चौकोनी तुकडा दिसतोय ना, तो टोस्टच आहे! माझं डोकं अगदी ठिकाणावर आहे. सतरा वर्षं इथे परदेशात, या टूनगॅबीत राहतेय, सतरा वर्षं तुम्ही माझ्याकडे हळदीकुंकवाला येताय, कधी पानातलं डावं-उजवं चुकलंय माझं? नाही ना? मग ऐका. आणि खाता खाता ऐका, बीन्स गार झाले की फार केविलवाणे दिसतात.

तुम्हाला सांगते, मी हे मागितलं नव्हतं हं!

झालं काय, आमचा ओजस. यंदा त्याची बारावी. वर्षभर हा मुलगा आमच्याबरोबर जेवला असेल तर शपथ! सहा-साडेसहाला यायचा, कुठे होतास तर लायब्ररीत, जेवतोस का तर "आयॅम गुड." अरे, तू गुड आहेस हे मला ठाऊक आहे, मीच जन्म दिलाय, पण पोटात काही आहे का? "मम, आयॅम गुड!" की दोन चमचे भात ताटलीत घ्यायचा, खोलीत जायचा आणि दार बंद. इकडे टेबलावर मी आणि आमचे हे. हे म्हणजे काय, कानात हेडफोन, समोर लॅपटॉप, डाव्या हातात माउस आणि उजव्या हातात पोळी. "कॅन यू सी माय स्क्रीन?" अहो, स्क्रीन दिसतेय सगळ्या जगाला, समोर बायको बसलीय ती दिसतेय का! पण भांडण नको म्हणून मी गप्प. आणि भांडून कोणी आपल्या पंगतीला बसतं का हो?

मग आपला नेहमीचा उपाय. चिंचवडच्या आमच्या गुरुजींना व्हिडिओ कॉल लावला. म्हटलं गुरुजी, दुसरं काही नको, मुलगा एकदा आपणहून माझ्याबरोबर जेवायला बसू दे, चार शब्द बोलू दे. गुरुजींनी पंचांग उघडलं, चष्मा वर केला, खाली केला, म्हणाले, "ताई, श्रावणातले चार सोमवार अयाचित करा." अयाचित म्हणजे काय, की दिवसभर उपास, आणि संध्याकाळी कोणी न मागता आपल्या हातात जे देईल तेवढंच खायचं. "मागायचं नाही, सुचवायचं नाही, व्रत आहे असं कोणाला सांगायचंही नाही. नावडतं म्हणायचं नाही. आणि कोणी काही दिलंच नाही, तर पाणी पिऊन झोपायचं." मी म्हटलं हो! उत्साहात म्हटलं! संकल्पसुद्धा सोडला! आणि फोन ठेवल्यावर, सिंकमधलं कुकरचं भांडं घासता घासता माझ्या लक्षात आलं… अगं बाई, पण मला देणार कोण?

नाही, तुम्हीच सांगा! आपल्याला कोणी वाढतं का हो? या घरात देणारी कोण? मी. वाढणारी कोण? मी. "अजून घ्या, अजून घे" म्हणणारी कोण? मीच! सतरा वर्षांत या स्वयंपाकघरातून एक ताट माझ्याकडे चालत आलेलं नाही. डोसा करायचा तर सगळ्यांत शेवटचा, तव्याला चिकटलेला, तो माझा. आणि असल्या घरात मी अयाचित करायला निघाले!

पहिला सोमवार. इथे ऋतू उलटे, त्यामुळे श्रावण म्हणजे ऐन थंडी, पाचला अंधार, हीटरपुढे बसलं तरी पाय गार. मी सगळा स्वयंपाक केला, साधं वरण, भात, मटारची उसळ, शिरा. दोन पानं वाढली आणि रिकामी खुर्ची ओढून बसले, अशी हात मांडीवर ठेवून. ओजसने दोन चमचे घेतले, "आयॅम गुड," दार बंद. राहिले हे. यांनी वरण-भात खाल्ला, उसळ खाल्ली, आणि शिऱ्याला हात घालताना एकदम थांबले, माझ्याकडे पाहिलं, एक हेडफोन काढला, आणि म्हणाले, "तू नाही घेतलंस?" आली! आली हो वेळ! महादेवा, ऐकलंस! मी नुसती हसले. सुचवायचं नाही ना! तर हे म्हणतात, "बरं, घे सावकाश," आणि हेडफोन परत कानात!

पण मी मागितलं नाही हं!

उठले आणि कचऱ्याचा बिन बाहेर काढायला गेले. आमच्याकडे मंगळवारी सकाळी लाल झाकणाचा बिन नेतात, म्हणजे तो सोमवारी रात्रीआधी रस्त्याकडेला लावायचा. तर मी बिन ढकलतेय, पोटात कावळे ओरडताहेत, आणि कुंपणापलीकडे मॉरीन मांजराला हाका मारतेय. मॉरीन म्हणजे आमची शेजारीण, एक्क्याऐंशी वर्षांची, लग्न होऊन इंग्लंडमधल्या बोल्टनहून बोटीने इथे आलेली, नवरा जाऊन सहा वर्षं झाली. तिच्या हातात बशी. तिने माझ्याकडे पाहिलं, पोर्चच्या दिव्यात माझा चेहरा कसा दिसला कोण जाणे, म्हणाली, "सुची, लव्ह, यू लुक पीकी! गेट दॅट डाउन यू!" म्हणजे चेहरा काय उतरलाय गं तुझा, खा हे आधी. आणि स्वतःची बशी कुंपणावरून माझ्या हातात! स्वतःच्या जेवणाची!

बशीत काय? पांढरा पाव, त्याला बोटभर लोणी, आणि आत… बटाट्याचे चिप्स. वेफर्स नव्हेत, गरम, जाडजाड तळलेल्या फोडी, वर व्हिनेगर. पावात बटाटा! क्षणभर मनात आलं, हे काय खाणं आहे का, भाकरीत भात भरून खाल्ल्यासारखं! आणि लगेच स्वतःलाच म्हटलं, सुचित्राबाई, वडापाव काय असतो? पावात बटाटाच ना? आपण मधे वडा करायचे कष्ट घेतो एवढंच. खाल्लं हो! तिथेच, बिनशेजारी उभी राहून, लोणी मनगटावरून ओघळतंय आणि मी खातेय. आणि तुम्हाला खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. व्हिनेगरने नाही. आयतं, गरम, कोणीतरी माझ्याकडे बघून हातात दिलेलं अन्न मी शेवटचं कधी खाल्लं होतं, ते आठवेचना!

दुसरा सोमवार. आता मॉरीन जिथे भेटली तिथेच त्याच वेळेला बिन घेऊन जायचं म्हणजे मागणंच झालं की नाही? मला भारी अपराधी वाटायला लागलं. पण बिन सोमवारीच लावायचा असतो, हा कौन्सिलचा नियम, मी का केलाय? गेले. तर मॉरीन कुंपणाशी उभीच! हातात बशी, बशीत टोस्ट, टोस्टवर हे बीन्स, बीन्सवर किसलेलं चीज. म्हणजे काय, की गोड उसळ, कडक पावावर ओतलेली, वर चीज! आधी पाव भाजून कडक करायचा आणि मग रस्सा ओतून मऊ करायचा… मग भाजायचा कशाला बाई! पण नावडतं म्हणायचं नाही. बशी परत द्यायला गेले तेव्हा तिच्या ओट्यावर डबा दिसला, सवयीने वाचला, तर त्यात कांद्याची पावडर! चातुर्मासात कांदा! धावत घरी, गुरुजींना फोन. गुरुजी म्हणाले, "ताई, पानात येईल ते खायचं. डबा वाचायचा नाही." झालं समाधान.

(घे गं मयूरा, टोस्ट घे अजून. कुसकरून घे, तसा बरा लागतो.)

तिसरा सोमवार. त्या दिवशी मला भूक लवकर लागली, म्हणून मी बिन पाऊण तास आधी काढला. बघा, असा मोह होतो! तर मॉरीनच्या बिनची चाकं गडगडताहेत, आणि बिन ढकलतंय कोण? आमचा ओजस! शाळेचा स्वेटर, पायात मोजे, मोजे म्हणजे चपलाही नाहीत, इतकं हक्काचं घर! घरी माझा बिन मी ढकलतेय, आणि हा लायब्ररीतला मुलगा शेजारणीचा बिन ढकलतोय! दोघं रस्त्याच्या कडेला, दोघांच्या हातात बिन!

तेवढ्यात दारातून मॉरीन, "कम इन, द पेअर ऑफ यू, इट्स पेरिशिंग!" मरायची थंडी आहे, आत या दोघं. गेले. तिच्या छोट्याशा टेबलाशी दोन खुर्च्या, एकीवर ओजसचं दप्तर अडकवलेलं. त्याची खुर्ची होती हो ती. ठरलेली. त्याचा मगसुद्धा ठरलेला. म्हणजे रोज संध्याकाळी तो इथे असायचा, चिप्स, बीन्स, पावात वेफर्स चुरून, चीजबरोबर फ्रूटकेक, सगळं हादडून मग घरी येऊन "आयॅम गुड!" गुड असणारच की!

मी काय बोलणार होते ते तुम्हाला कळलंच असेल. सगळं ओठांवर आलं होतं, अरे घरी आई चार पदार्थ करून वाट बघते आणि तू… पण तेवढ्यात मॉरीनने माझ्यापुढे वाटी सरकवली. केळ्याचे काप, वरून गरम पिवळं कस्टर्ड. न मागता आलेलं, संध्याकाळ झालेली, नाही कसं म्हणायचं? घास घेतला. आणि काय सांगू, शिकरण! परदेशी जाऊन, गरम होऊन, थोडी जाडी झालेली, पण शिकरण! तोंड भरलेलं, त्यामुळे बोलता येईना, त्यामुळे मी गप्प, आणि मी गप्प म्हणून ओजस बोलायला लागला.

म्हणाला, "आई, मॅथ्सची ट्रायल गेली. बॅडली." ट्रायल म्हणजे यांची बारावीची पूर्वपरीक्षा. आठवडा झाला होता, माझ्या पोराने आठवडाभर ते पोटात ठेवलं होतं! म्हणाला, "घरी टेबलवर आपण तिघं नसतो. तू, बाबा आणि एटार." एटार म्हणजे बारावीनंतर युनिव्हर्सिटीत जायला लागतो तो रँक. "मॉरीन जस्ट फीड्स मी. ती काही विचारत नाही." हे ऐकलं आणि चमचा वाटीत ठेवला हो. कस्टर्ड असूनसुद्धा. कारण खरं होतं. "जेवतोस का"च्या मागोमाग माझा प्रश्न ठरलेला असायचा, "पेपर कसा गेला?" पोळी वाढायच्या आधी पेपर!

मॉरीन म्हणाली, "ही टोल्ड मी, लव्ह. मंडेज, युअर प्लेट्स नॉट इन द डिशवॉशर." ओजस लाजला. पहिल्या सोमवारी रात्री डिशवॉशर लावताना त्याने ताटं मोजली होती. दोनच! म्हणून दुसऱ्या सोमवारपासून मॉरीन बशी घेऊन कुंपणाशी उभी. अहो, मला वाटत होतं या घरात माझं रिकामं पान कोणाला दिसत नाही, आणि ते या दार बंद करणाऱ्या पोराला दिसलं होतं!

मी काहीही विचारलं नाही. ट्रायलचं नाही, मार्कांचं नाही. वाटीतलं अर्धं कस्टर्ड त्याच्या मगमध्ये ओतलं आणि म्हटलं, "खा." बस.

आणि चौथा सोमवार! मॉरीन गेली वुलनगाँगला बहिणीकडे. तिचं घर अंधारात. मी बिन लावला, दोन मिनिटं उगाच उभी राहिले, मांजर आलं, तेही माझ्याकडे आशेने बघायला लागलं! म्हटलं महादेवा, आज पाण्यावर. आत येते तर स्वयंपाकघरात धूर! स्मोक अलार्म किंचाळतोय, ओजस टॉवेलने त्याला वारा घालतोय, हे हेडफोनसकट धावत बाहेर, "काय झालं? काय झालं? सुचित्रा, तू ठीक आहेस ना?" आणि त्या गोंधळात यांचा हेडफोन कुठे पडला तो रात्रभर सापडला नाही, ही आणखी एक कृपा. टोस्ट जळला होता. दुसरा बरा होता. त्यावर बीन्स, बीन्सवर चीज, आणि त्यावर, माझ्या लेकाने, माझ्या बरणीतलं लिंबाचं लोणचं घातलं होतं! माझी खुर्ची ओढली आणि म्हणाला, "आई, बस. ईट." समोर ताट ठेवलं. डावीकडे जळका टोस्टसुद्धा वाढला होता, चटणीसारखा. अन्न टाकायचं नाही म्हणून!

मी मागितलं नव्हतं हं! देवाशपथ नव्हतं मागितलं!

बसले. तोही बसला, स्वतःची ताटली घेऊन. हे दारात उभे, दोघांकडे बघताहेत, आणि म्हणतात कसे, "मला पण दे ना रे." बघा, यांनी मागितलं! यांचं व्रत नव्हतं म्हणून चाललं. तिघं बसलो. गोड बीन्स, आंबट लिंबू, वितळलेलं चीज… हे म्हणाले, "चव विचित्र आहे, पण अजून आहे का?" आणि ओजसने आपणहून बाबांना ट्रायलचं सांगितलं. मी टेबलाखालून यांच्या पायावर पाय ठेवला, घट्ट. हे तोंड उघडणार तेवढ्यात मिटलं, मग म्हणाले, "अकरावीत मी पण एकदा आपटलो होतो." सतरा वर्षांच्या संसारात, अहो सतरा काय, वीस वर्षांच्या, मला पहिल्यांदा कळलं!

म्हणून हे उद्यापन. गुरुजी म्हणाले, जे मिळालं ते चार जणींच्या पानात वाढा. वाढलं. मॉरीनही येतेय आता, ट्रायफल, म्हणजे केक-कस्टर्ड-जेलीचं गोड, आणते म्हणाली, त्यात ती आपल्यासाठी शाकाहारी जेली घालणार आहे. ओजसचं दार? लागतं हो अजून, पण जेवून झाल्यावर लागतं. एटार काय यायचा तो येईल.

एकच झालंय. त्याला आता आईला वाढायची गोडी लागलीय. दर सोमवारी तोच देणार म्हणे. आणि उद्याच्या सोमवारसाठी मॉरीनने त्याला मार्माइटची बरणी दिलीय. वास घेतलाय का तुम्ही कधी? काळं, चिकट, खारट, सायकलच्या चेनचं वंगण टोस्टला फासल्यासारखं! व्रत संपलं, उद्यापन झालं, पण पोराने ताट पुढे केलं की नावडतं कसं म्हणू?

आणि तुम्हाला सांगते, मी हे मागितलं नव्हतं हं… पण श्रावणातले चार सोमवार संपले, आणि उरलेले अठ्ठेचाळीस आता मार्माइटचे!